रात्री थैली टाकून गेलेला माणूस

मुलींच्या लग्नापायी बापाचं घर बसलं, ही गोष्ट ऐकायला आपल्या इंदापूर-बारामतीकडच्या माणसाला लांब जावं लागत नाही. आज सांगायची ती गोष्ट मात्र सतराशे वर्षांपूर्वीची आहे आणि ती घडली आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, पातारा नावाच्या बंदरात. तिथे एक गृहस्थ होता. एके काळी खाऊनपिऊन सुखी, पुढे व्यवहारात पार बुडालेला. घरात तीन उपवर मुली. त्या मुलखातही तेव्हा हुंड्याशिवाय मुलगी उजवत नसे. माणूस अशा टोकाला आला की पोरींना बाजारात बसवण्यावाचून दुसरी वाट नाही, असं त्याच्या मनाने घेतलं.

त्याच गावात एक तरुण होता. आईबाप साथीत गेलेले, मागे पैसा भरपूर. एका रात्री तो त्या घराशी गेला, उघड्या खिडकीतून सोन्याच्या नाण्यांची थैली आत टाकली आणि निघून गेला. थोरलीचं लग्न झालं. काही दिवसांनी दुसरी थैली पडली, मधलीचं झालं. तिसऱ्या खेपेला बाप झोपलाच नाही. थैलीचा आवाज झाला तसा तो धावत बाहेर आला, अंधारात पळणाऱ्याला त्याने गाठलं आणि ओळखलं. पायांवर लोळण घेणाऱ्या त्या बापाकडून तरुणाने एकच वचन घेतलं. आपण जिवंत आहोत तोवर हे कुणाला सांगायचं नाही. आता ही गोष्ट आपल्यापर्यंत आली आहे, त्या अर्थी बापाने कधीतरी तोंड उघडलं असणार. सोन्याची थैली पोटात ठेवणं एक वेळ जमतं, बातमी ठेवणं फार अवघड.

तरुणाचं नाव निकोलस. पुढे तो बिशप झाला, मग संत झाला. हॉलंडमध्ये त्याला सिंटरक्लास म्हणतात. अमेरिकेत गेल्यावर त्याच नावाचं सांताक्लॉज झालं. आपली मुलं ज्याला नाताळातला लाल कपड्यांतला गुबगुबीत म्हातारा म्हणून ओळखतात, त्याचा मूळपुरुष हा असा. अंधारातून पळून जाणारा.

माझी उभी हयात बँकेत गेली, त्यामुळे कागद पाहिल्याशिवाय पुढे जाण्याची सवय नाही. आणि निकोलसच्या बाबतीत कागद फारच तोकडे आहेत. त्याच्या हातची एक ओळ उरलेली नाही. त्याचं सविस्तर चरित्र लिहिलं गेलं ते त्याच्या मृत्यूनंतर चार-पाच शतकांनी. एवढ्या कागदांवर आमच्याकडे साधं बचत खातंही उघडलं नसतं. तरी परंपरेने जे सांगितलं जातं ते असं. जन्म इसवी सन २७० च्या आसपास, पातारात. भाषा ग्रीक, राज्य रोमनांचं. पातारापासून काही कोसांवरच्या मायरा या बंदराच्या गावी तो बिशप झाला. हे मायरा म्हणजे आजचं देमरे. तिथला आधीचा बिशप वारल्यावर नवा कोण यावर एकमत होईना, तेव्हा पहाटे जो पहिला देवळात येईल तो बिशप असं ठरलं आणि निकोलस दार ढकलून आत आला, अशी कथा आहे. हत्तिणीने माळ घातल्यावर राजा होण्याच्या आपल्या गोष्टींचीच ही भावकी.

इसवी सन ३०३ मध्ये सम्राट डायोक्लिशनने ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला, त्यात हाही तुरुंगात गेला म्हणतात. कॉन्स्टंटाइन सम्राट झाल्यावर सुटला. ३२५ साली नायसीया इथे भरलेल्या मोठ्या धर्मसभेला तो हजर होता आणि तिथे वादाच्या भरात त्याने एका पाखंडी मानल्या गेलेल्या धर्मगुरूच्या कानफटात मारली, असंही सांगतात. ही गोष्ट फार उशिरा जोडलेली आहे. पण माणूस रागीट असावा, असं मला आपलं उगीच वाटतं. तीन निरपराध माणसांचा शिरच्छेद होणार होता, तेव्हा हा गर्दीतून वाट काढत गेला आणि मारेकऱ्याची तलवार त्याने हाताने धरली. ही कथा त्याच्याविषयीच्या सर्वांत जुन्या कथांपैकी आहे. मऊ स्वभावाची माणसं तलवारीला हात घालत नाहीत.

दुसरी एक कथा आपल्याकडच्या माणसाला लगेच कळेल. मायरात दुष्काळ पडला होता. बंदरात अलेक्झांड्रियाहून राजधानीकडे निघालेली गव्हाची जहाजं नांगर टाकून होती. निकोलसने खलाशांकडे प्रत्येक जहाजातून थोडा गहू मागितला. ते घाबरले. सरकारी माल, मोजून भरलेला, तिकडे तूट आली तर मान जायची. तूट येणार नाही, असं त्याने सांगितलं आणि गहू उतरवून घेतला. राजधानीत माप झालं तेव्हा दाणा कमी भरला नाही. चमत्कार सोडून द्या. सरकारी धान्य आणि उपाशी गाव यांच्यामध्ये एक माणूस उभा राहिला आणि त्याने जबाबदारी अंगावर घेतली, एवढं मला पुरतं. १९७२ च्या दुष्काळात आम्ही शाळकरी पोरं सुकडीसाठी रांगेत उभे असायचो. ती वाटणारा मास्तर मापाच्या वर मूठभर टाकायचा आणि वहीत मापच लिहायचा. त्याचा हिशेब शेवटी कसा जुळायचा, हे मला बँकेत तीस वर्षं काढूनही कळलेलं नाही.

६ डिसेंबरला, बहुधा ३४३ साली, निकोलस वारला. गाडलं मायरातच. सात शतकं तो तिथे शांत होता. पण त्याचं नाव खलाशांच्या तोंडी बसलं होतं आणि जिथे जहाज जाईल तिथे ते जात होतं. १०८७ मध्ये तो मुलूख सेल्जुक तुर्कांच्या ताब्यात गेल्याचं निमित्त करून इटलीतल्या बारी गावचे खलाशी मायरात उतरले, थडगं फोडलं आणि अस्थी घेऊन पसार झाले. त्यांनी त्याला पुण्यकर्म म्हटलं. आपण चोरी म्हणू. जो माणूस रात्री दुसऱ्याच्या घरात सोनं टाकून पळाला, त्याचीच हाडं लोकांनी पळवली. १९५० च्या दशकात बारीतल्या थडग्याच्या दुरुस्तीच्या वेळी त्या अस्थींची शास्त्रीय तपासणी झाली. मध्यम उंचीचा म्हातारा माणूस, नाकाचं हाड मोडून वेडंवाकडं सांधलेलं. तुरुंगात मोडलं की आणखी कुठे, कोण सांगणार?

संत म्हटला की त्याच्याकडे खाती सोपवायची, ही युरोपातली रीत. निकोलसकडे खलाशी आले, व्यापारी आले, लहान मुलं आली, लग्नाच्या मुली आल्या. आणि गंमत म्हणजे सावकारही आले. युरोपात गहाणवट करणाऱ्या दुकानांवर तीन सोनेरी गोळ्यांची खूण असते. ती याच तीन थैल्यांची, असं मानतात.

ही खूण मी पहिल्यांदा पुस्तकात पाहिली तेव्हा आमच्या लासुर्ण्याची आठवण झाली. बारामती-इंदापूर रस्त्यावरचं गाव. नीरा डाव्या कालव्याचं पाणी, ऊस, एका बाजूला भवानीनगरचा कारखाना, दुसऱ्या बाजूला वालचंदनगर. बाहेरच्याला वाटावं, इथे पैशाला तोटा नाही. पण या पट्ट्यातल्या शाखांमधून मी जी वर्षं काढली त्यात एक गोष्ट शिकलो. सातबारा घेऊन खतासाठी, पाइपलाइनसाठी कर्ज मागायला माणूस फेब्रुवारी-मार्चमध्ये आला आणि मांडीवरची टोपी सारखी फिरवत बसला, की ओळखायचं, घरात लग्न आहे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. तेव्हापासून हुंडा हा शब्द हळूहळू कमी झाला आणि मानपान हा शब्द वाढला. रक्कम तीच, फार तर वरचढ.

एका शेतकऱ्याने दोन मुलींच्या लग्नांत बायकोचे दागिने आमच्याकडे सोनेतारण ठेवले होते. मुदत संपली, नोटिसा गेल्या, लिलावाची तारीख जवळ आली. तारखेच्या आठवडाभर आधी तो व्याजापुरते पैसे घेऊन आला तर खातं निल. कुणीतरी मुद्दल-व्याज सगळं रोख भरून गेलं होतं. तो काउंटरला धरून उभा राहिला आणि नाव विचारू लागला. भरण्याची स्लिप मीच पास केली होती. मी नाव सांगितलं नाही. भरणारा आता हयात नाही, पण त्याने त्या दिवशी घातलेली अट कुठे संपली आहे? तेव्हा इथेही सांगत नाही.

गुप्तदान हा शब्द आपल्या भाषेत आहे, पण त्याचं चलन कमी. आपल्या देवळातल्या पंख्याच्या पात्यांवरही देणाऱ्याचं नाव असतं. पंखा सुरू झाला की ते दिसत नाही, हाच काय तो गुप्तपणा. लग्नात आहेराची नावं लाउडस्पीकरवरून पुकारतात. निकोलसची गोष्ट जिथे रुजली तो डच माणूस मात्र याच बाबतीत त्याला धरून राहिला, आणि हे मला तिथे गेल्यावर कळलं.

माझी पुतणी लग्न होऊन २०१४ मध्ये ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या आम्स्टलव्हेनला गेली. नवरा संगणकाच्या कामात. त्या गावात भारतीय कुटुंबं पुष्कळ. मुलगी पुण्यात जन्मलेली, मुलगा तिकडचा. २०१९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मी पाच आठवडे त्यांच्याकडे होतो. डच माणूस आपल्याला तसा अगदीच परका नाही. वेंगुर्ल्याला त्यांची वखार १६३७ पासून होती, तिच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत, आणि आमच्याकडची द्राक्षं हंगामात न्हावाशेव्याहून रॉटरडॅमलाच जातात. पण तिथला हिवाळा ही वेगळीच चीज. साडेचारला अंधार. पाऊस धड पडत नाही आणि थांबतही नाही. या अंधारात मुलांना काहीतरी उजेडाचं द्यावं म्हणून की काय, एकामागून एक सण येतात. ११ नोव्हेंबरला संत मार्टिनचा दिवस. पोरं हातात कागदी कंदील घेऊन दारोदार गाणी म्हणतात आणि खाऊ गोळा करतात. आपल्या भोंडल्याचा आणि दिवाळीच्या आकाशकंदिलाचा संगम म्हणावा तसं. ३१ डिसेंबरला तेलात तळलेले ओलीबोलन, म्हणजे मनुका घातलेले गुलगुलेच. आणि या दोहोंच्या मध्ये सिंटरक्लास.

तो नोव्हेंबरच्या मध्याला बोटीतून येतो, तोही स्पेनहून. स्पेन का, तर बारी हे गाव पूर्वी बराच काळ स्पेनच्या राजाच्या अमलाखाली होतं म्हणून, असं सांगतात. लाल झगा, उंच टोपी, पांढरी दाढी, पांढरा घोडा. गावोगाव मिरवणूक, दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण. त्याच्याकडे एक जाडजूड वही असते. तीत प्रत्येक मुलाचं वर्षभराचं वागणं लिहिलेलं. चित्रगुप्ताने बदली मागून हॉलंडमध्ये शाखा उघडली असावी. मुलं रात्री शेगडीशी किंवा दाराशी आपला बूट ठेवतात, बुटात घोड्यासाठी गाजर. सकाळी गाजर गेलेलं असतं आणि जागी संत्रं, पेपरनोतन नावाची लहानशी तिखट-गोड बिस्किटं किंवा नावाच्या आद्याक्षराचं चॉकलेट. हे बुटाचं प्रकरण फार जुनं. पंधराव्या शतकात उट्रेख्टच्या संत निकोलसच्या देवळात बूट मांडत, श्रीमंत त्यात काही टाकत आणि ते गरिबांत वाटलं जाई.

मधे मोठा घोळ झाला होता. सोळाव्या शतकात देश प्रॉटेस्टंट झाला. संतांचे उत्सव बंद. सतराव्या शतकात ॲमस्टरडॅमच्या कारभाऱ्यांनी या सणाच्या बाहुल्या आणि बिस्किटाच्या आकृत्या विकायलाही मनाई केली. देवळातून संत गेला. घरातून मात्र त्याला कुणी काढू शकलं नाही. यान स्टेन या चित्रकाराने १६६५-६८ च्या सुमारास या सणाचं चित्र काढलं आहे. ते ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये मी पाहिलं. छोट्या मुलीला बाहुली मिळाली आहे, तिने ती छातीशी घट्ट धरली आहे. थोरल्या मुलाच्या बुटात छडी निघाली आहे आणि तो रडतो आहे. आणि मागे आजी पडद्याआडून त्याला हळूच बोटाने बोलावते आहे, म्हणजे तिच्याकडे काहीतरी दडवलेलं आहे. त्या चित्रापुढे मी बराच वेळ उभा होतो. बंदी घालणाऱ्यांनी आज्यांचा विचार केला नव्हता.

५ डिसेंबरची रात्र खरी महत्त्वाची. घरातली सगळी माणसं एकमेकांना भेटी देतात, पण देणाऱ्याचं नाव कुठेही नसतं. भेटीबरोबर एक कविता असते, थट्टेची, घेणाऱ्याच्या खोड्या काढणारी, आणि खाली सही सिंटची. नवरा बायकोला देतो तरी सही सिंटची. आभार मानायचे ते सिंटचे. मोठ्या माणसांना सगळं ठाऊक असतं, तरी कुणी तोंडाने बोलत नाही.

आता पुतणीच्या घरची अडचण सांगतो. सिंटबरोबर त्याचे हरकामे असतात, त्यांना पीट म्हणतात. १८५० मध्ये यान स्खेंकमान या ॲमस्टरडॅमच्या शाळामास्तराने मुलांसाठी एक पुस्तक छापलं. आगबोट आणि काळा नोकर यांचा आजचा थाट त्यातून आला. डच वसाहतींमधली गुलामी कायद्याने संपली ती १८६३ मध्ये, म्हणजे त्यानंतर. पुढे शे-दीडशे वर्षं गोरी माणसं तोंडाला काळा रंग, ओठांना लाल रंग आणि डोक्याला कुरळा टोप लावून पीट होत राहिली. २०११ पासून त्याविरुद्ध आवाज वाढला, भांडणं झाली, मोर्चे निघाले. २०१९ मध्ये देशाच्या मुख्य मिरवणुकीतले पीट गालावर फक्त काजळीचे फराटे ओढून आले. धुराड्यातून उतरले म्हणून काजळी, असा खुलासा.

पुतणीच्या मुलीला आदल्या वर्षी शाळेत एका मुलाने गालावर बोट घासून पाहिलं होतं. काजळी निघते का ते बघायला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पाच वर्षांचं पोर ते. पण मुलीने घरी येऊन साबणाने तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. पुतणीने ठरवलं, हा सण आपल्या घरी नको. जावई म्हणाला की वर्गातली सगळी मुलं सकाळी बुटात काय मिळालं ते सांगणार आणि आपलीच गप्प बसणार. दोघांचंही खरं होतं. त्या वर्षी बूट मांडले गेले नाहीत. मुलगी आठवडाभर गप्प होती, असं पुतणी मला सांगत होती.

मी गेलो त्या वर्षी तिने निराळा मार्ग काढला. बूट मांडले, पण आधी मुलीला पातारातली गोष्ट मराठीत सांगितली. सिंट कुणाचा मालक नव्हता, अंधारात एकटा जाणारा माणूस होता, आणि आजच्या तुर्कस्तानचा, म्हणजे इथला गोरापान नव्हेच, हेही सांगितलं. मुलीने सगळं ऐकलं आणि हुंडा म्हणजे काय ते विचारलं. पुतणी थांबली. लासुर्ण्यातल्या पोरीला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही, ते हवेतच असतं. तिथे जन्म काढणार असलेल्या सहा वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं की मुलगी घरातून जाताना तिच्याबरोबर पैसेही द्यावे लागत? माझ्याकडे बोट दाखवून पुतणी स्वयंपाकघरात गेली. मी बँकेच्या भाषेत, सोपं करून, जमेल तसं सांगितलं. मुलीने विचार केला आणि पुढचा प्रश्न टाकला. त्याने थैली बाबांच्या खोलीत का टाकली, मुलींच्या हातात का नाही दिली? सतराशे वर्षांत किती धर्मपंडितांनी यावर प्रवचनं केली असतील. हा प्रश्न कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

संताची पुढची वाटचाल थोडक्यात. आजचं न्यूयॉर्क १६६४ पर्यंत डचांचं न्यू ॲमस्टरडॅम होतं. तिथल्या डच वारशाच्या आठवणी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लेखकांनी उकरून काढल्या, १८२३ मध्ये एका कवितेने त्याला रेनडिअरची गाडी दिली, पुढे चित्रकारांनी पोट दिलं आणि शीतपेयाच्या जाहिरातींनी जगभर फिरवलं. १९६९ मध्ये रोमन चर्चने पंचांग नव्याने लावलं, तेव्हा निकोलसचा दिवस पाळणं ऐच्छिक झालं. देमरेचं जुनं देऊळ आता संग्रहालय आहे. बारीची मंडळी अजून दर मे महिन्यात अस्थी आणल्याचा उत्सव करतात.

आम्स्टलव्हेनच्या घरी त्या ५ डिसेंबरला पुतणीने कविता मराठीत केली होती. मुलीने ती वाचली आणि सिंटचं अक्षर आईसारखं आहे, असं शांतपणे जाहीर केलं. कुणी काही बोललं नाही. तिनेही पुढे विचारलं नाही.

तिकडे साधारण आठव्या वर्षापर्यंत मुलांना कळतं, आणि कळलेल्यांनी धाकट्यांना सांगायचं नाही, हा नियम मुलं स्वतःच पाळतात. २०२१ च्या डिसेंबरमध्ये पुतणीचा फोन आला. मुलीने खाऊच्या पैशातून भावाच्या आद्याक्षराचं चॉकलेट आणलं होतं आणि रात्री सगळे झोपल्यावर, मोजे घालून, पाय न वाजवता जाऊन त्याच्या बुटात ठेवलं होतं. गाजराचा एक तुकडा मुद्दाम चावून खाली टाकला होता. सकाळी भाऊ नाचत होता, आणि ती दूध पीत बसली होती.